मुक्ताबाईंच्या निबंधाचे अखंड वाचन

गेल्या वर्षी आमच्या येथील धर्मशिक्षकांच्या वर्गासाठी एक लहानशी वाचनपुस्तिका तयार करावयाची होती. वर्षातील विशेष रविवार धरून प्रत्येकासाठी एखादा मराठी उतारा निवडावा, असा तिचा बेत. मुक्ताबाईंचा १८५५ सालचा निबंध घ्यावा याविषयी समितीत दुमत नव्हते. दुमत झाले ते तो कोठे घ्यावा यावर. एकाचे म्हणणे, तो नोव्हेंबरातील दलित मुक्ती रविवारी वाचावा. महिला मंडळाच्या प्रतिनिधी बाईंचे म्हणणे, तो महिला रविवारचाच. शेवटी अशा समित्यांतून जे होते ते झाले. निबंध कापला. पेशवाईतील जुलमाचा भाग नोव्हेंबरात गेला, विद्येचे महत्त्व सांगणारा भाग महिला रविवारात. मुद्रिते तपासताना प्रस्तुत लेखकाच्या ध्यानात आले की मधल्या काही ओळी दोहोंपैकी कोठेच नाहीत. त्या ओळी बाळंतिणीविषयीच्या होत्या. कात्री चालविणाऱ्यांत मीही होतो, हे येथे कबूल करणे भाग आहे.

त्या गळालेल्या ओळी कशा गळाल्या याचा विचार करता करता निबंध पुन्हा पुन्हा वाचला गेला, आणि आपण पाळक व धर्मशिक्षक 'स्त्री' हा शब्द ज्या रीतीने वापरतो तिच्याविषयीच शंका उत्पन्न झाली. म्हणून हा लेख.

'मांग महारांच्या दुःखाविषयी' हा निबंध 'ज्ञानोदया'च्या १५ फेब्रुवारी व १ मार्च १८५५ या दोन अंकांत छापून आला. (म्हणजे तो दोन तुकड्यांत वाचण्याची परंपरा तशी जुनीच, पण तेव्हा कारण जागेचे होते.) 'ज्ञानोदय' हे अमेरिकन मराठी मिशनने १८४२ साली अहमदनगरास सुरू केलेले पत्र. लेखिका पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी, मांग जातीची विद्यार्थिनी. त्यांच्या नावावर एवढे एकच लेखन आज आपल्या हाती आहे. येथे एक गोष्ट सांगून टाकतो. या लेखाच्या पहिल्या खर्ड्यात पंडिता रमाबाईंना 'त्या' आणि मुक्ताबाईंना 'ती' असे माझ्या लेखणीतून आपसूक उतरले होते. वयाचे कारण सांगता येईल. परंतु तेवढे कारण पुरत नाही, हे माझे मलाच ठाऊक असल्याने ते मी बदलले आहे.

निबंध लहान आहे. एका बैठकीत मोठ्याने वाचून होतो. आरंभ वेदांपासून आहे. वेद आमचेच, असे ब्राह्मण म्हणत असतील तर ते आमचे नव्हेत हे त्यांनीच ठरविले; मग आमचा धर्म कोणता, असा सरळ तर्क मुक्ताबाई मांडतात, आणि एकाला सर्व काही व बाकीच्यांना काहीच नाही असा धर्म जगातून नाहीसा होवो, अशी देवाजवळ मागणी करतात. त्यानंतर इतिहास येतो. बळकावलेल्या जमिनी, वाड्यांच्या पायात गाडलेली माणसे, तालीमखान्यासमोरून जाण्याच्या 'अपराधा'साठी गुलटेकडीवर उडविलेली शिरे. मग विद्येची बंदी. मग महार मांगाला खालचा समजतो ही तक्रार. मग दारिद्र्य, मग बाळंतीण, मग मुले. ब्राह्मणांच्या पोरांनी दगड मारून डोके फोडले तरी ही मुले गाऱ्हाणे नेत नाहीत, कारण उष्टे मागण्यास त्याच दारी जावयाचे असते. येथे लेखिकेची लेखणी अडखळते, आणि अधिक लिहिले तर रडू कोसळेल असे त्या सांगतात. पुढे इंग्रज सरकारचे आभार, आणि शेवटी आपल्या लोकांना उपदेश, की विद्या हेच तुमच्या दुखण्यावरील औषध आहे.

निबंधात संबोधन तीनदा बदलते. प्रथम देवाशी, मध्ये पंडितांशी, शेवटी स्वजातीयांशी लेखिका बोलतात. स्त्रियांना वेगळे संबोधून मात्र त्या कोठेच बोलत नाहीत. निबंध स्त्रियांचा की जातीचा, हा आमच्या समितीतील वाद याच जागेतून निघाला होता.

आजवर या निबंधाची तीन प्रकारे वाचने झाली. इतिहास सांगणारे त्यात उत्तर पेशवाईतील अस्पृश्यांच्या छळाची साक्ष शोधतात. स्त्रीशिक्षणाचा गौरव करणारे त्यात फुले दांपत्याच्या शाळेचे फळ पाहतात. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघते आणि सातच वर्षांनी अशा शाळेतील एक मुलगी एवढे निर्भीड गद्य लिहिते, याचा अभिमान रास्तच आहे. तिसरे वाचन आपले, म्हणजे मिशनचे. ज्या पत्रात तो छापला गेला त्याला या निबंधात हिंदू धर्मावरील आरोपपत्र दिसले असल्यास नवल नाही. आजही आपल्या प्रवचनांतून तो तेवढ्यापुरताच उद्धृत होतो. परंतु एकाला सर्व आणि इतरांना काही नाही, ही कसोटी लेखिकेने एकाच धर्मासाठी राखून ठेवलेली नाही. गोव्यातील कॉन्फ्रारियांत जातवार सभासदत्व कसे चालले हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना अधिक सांगावयास नको.

तिन्ही वाचने आपापल्या जागी खरी आहेत. गळते ते त्यांच्यामध्ये असलेले.

आता त्या ओळी. मुक्ताबाई पंडितांना म्हणतात की तुमचे पोकळ ज्ञान जरा गुंडाळून ठेवा आणि ऐका. आमच्या स्त्रिया प्रसूत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परही नसते. पावसात, थंडीत त्यांचे काय होत असेल, याचा विचार स्वतःच्या अनुभवावरून करा. त्यात बाळंतरोग झालाच तर औषधाला आणि वैद्याला पैसा कोठून आणावा? आणि पैसा न घेता उपचार करील असा माणुसकीचा वैद्य तुमच्यात कधी कोण झाला?

या ओळींत काय घडते ते नीट पाहण्यासारखे आहे. 'स्वतःच्या अनुभवावरून' हे सांगणे पंडिताला, म्हणजे पुरुषाला आहे. त्याला बाळंतपणाचा अनुभव कोठला? त्याच्या घरात तो आहे. त्याच्या वाड्यात बाळंतिणीची खोली असते, बाज असते, शेकशेगडी असते, दारावर पडदा असतो. पंडिताने आपल्या घरातील त्या खोलीवरून दुसरीकडील उघड्या छपराची कल्पना करावयाची आहे. म्हणजे दोन स्त्रियांची तुलना येथे एका पुरुषाच्या डोक्यातून करवून घेतली आहे, आणि तीही त्याला अपराधी ठरविणाऱ्या वाक्यात. शाळकरी वयाच्या लेखणीतील ही योजना आहे! पुढे वाचावे तर थंडी कोणत्या कारणाने लागते हे वेगळे काढता येत नाही. ती प्रसूत झाली म्हणून उघड्यावर असहाय आहे. ती गरीब म्हणून छप्पर नाही. ती मांग म्हणून वैद्य अंगाला हात लावणार नाही. थंडीचा एक हिस्सा लिंगाकडे, एक जातीकडे, एक दारिद्र्याकडे असा हिशेब त्या बाईच्या अंगावर होत नाही. मुक्ताबाई तो करीतही नाहीत. त्या मोजणी करीत नाहीत. एक स्त्री आणि एक रात्र एवढेच आपल्यापुढे ठेवतात.

पुस्तिकेची चूक ध्यानात आल्यावर मी या ओळी धर्मशिक्षकांच्या वर्गात वाचून दाखविल्या. वर्गात एक वयोवृद्ध बायबल बाई होत्या. त्या म्हणाल्या, "पाळकसाहेब, तुम्ही वाड्यातली ती बाळंतिणीची खोली सांगितलीत. त्या खोलीत सुईण कोण होती ते नाही सांगितलंत." मी थांबलो. "आमच्यातलीच की. माझी आजी गावातल्या मोठ्या घरी नाळ कापायला जायची. आणि माझ्या आईच्या वेळी ती घरी नव्हती, पाटलाच्या सुनेपाशी होती."

महाराष्ट्रातील व सीमेलगतच्या खेड्यांतून सुईणीचे काम बहुधा मांगिणीकडे असे, हे मला पुस्तकातून माहीत होते. निबंध वाचताना ते आठवले नव्हते. ज्या हातांनी सवर्ण बाळंतिणीची सुटका व्हावयाची त्या हातांचा विटाळ. ते काम संपले की तेच हात उंबऱ्याबाहेर. मुक्ताबाईंनी ही गोष्ट लिहिलेली नाही. परंतु 'स्वतःच्या अनुभवावरून' या शब्दांमागे ती उभी आहे असे आता मला वाटते, आणि या निबंधावरील इतकी वर्षे वाचलेल्या टिपणांपेक्षा त्या बायबल बाईंचे दोन वाक्यांचे भाष्य मी अधिक मोलाचे समजतो.

निबंधात आणखी एक स्त्री ओझरती येते, आणि तिच्याकडेही सहसा कोणाचे लक्ष जात नाही. एखादा महार वा मांग लिहावाचावयास शिकला असे कळले तर बाजीराव काय म्हणे, हे सांगताना लेखिका त्याच्या तोंडी एक टोमणा घालतात. दप्तराची कामे यांच्या हाती देऊन ब्राह्मणांनी काय न्हाव्याची धोकटी घेऊन विधवा भादरत हिंडावे, असा त्याचा आशय. त्या टोमण्यात अक्षर शिकू पाहणारा अस्पृश्य आहे, हलका मानलेला न्हाव्याचा धंदा आहे आणि जिचे केस काढावयाचे ती विधवा आहे. पहिल्या दोघांचा निदान अपमान तरी होतो. विधवेची गणना त्या वाक्यात हत्यार आणि कामाच्या मालमसाल्याबरोबर आहे.

पुढे तीस वर्षांत हेच भादरलेले डोके सुधारणेच्या चळवळीचे केंद्र झाले. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला भ्रूणहत्येबद्दल झालेल्या शिक्षेवरून उठलेल्या वादात ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली. पंडिता रमाबाईंचे इंग्रजी पुस्तक १८८७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. या लेखनाची थोरवी कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु मुक्ताबाईंचा निबंध शेजारी ठेवून वाचले तर एक गोष्ट टोचते. विधवाविवाह हवा, ही ज्या काळी क्रांतीची मागणी होती, त्याच काळी मांगमहारांत आणि इतर अनेक जातींत पाट लावण्याची चाल चालू होती. तेथे ती मागणी बातमी नव्हती. स्त्रीला घराबाहेर पडू द्या, ही सुधारकांची दुसरी हाक. जिला घरच धड नाही आणि जी पहाटेपासून दुसऱ्याच्या दारी वा बांधावर कामाला उभी आहे, तिने या हाकेचे काय करावे? ब्राह्मण विधवेला छप्पर होते आणि तेच तिची कैद होते. मांग बाळंतिणीला छप्पर नव्हते. एकाच समाजरचनेची ही दोन फळे, पण ती एका चवीची नाहीत. आणि एकीच्या दुःखाला 'स्त्रीचे दुःख' हे सरसकट नाव दिले की दुसरी आपोआप स्त्री या गणनेतून बाहेर पडते.

रमाबाईंच्या बाजूने एक सांगितले पाहिजे. त्यांनी आपल्या पुस्तकाचे नाव हिंदू स्त्री असे न ठेवता उच्चवर्णीय हिंदू स्त्री असे ठेवले. आपण कोणाविषयी बोलतो आहोत याची मर्यादा नावातच सांगण्याचा हा प्रामाणिकपणा त्यांच्यानंतरच्या कित्येकांना साधलेला नाही. १८८९ साली मुंबईत निघालेल्या शारदा सदनात उच्चवर्णीय विधवांना आपले जातिनियम पाळण्याची मोकळीक होती, हेही खरे. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० साली गुजरातेतून त्यांनी मुली आणल्या तेव्हा केडगावच्या मुक्तीचे रूप पालटले. उपासमारीने जात विचारली नव्हती. बायबलचे भाषांतर करताना अल्पशिक्षित बायांना कळेल अशी सोपी मराठी वापरण्याचा त्यांनी जो हट्ट धरला, त्याचा उगम मला या पालटात दिसतो. आपले पंडित त्या भाषांतराला खडबडीत म्हणतात. म्हणोत.

एका माणसाचे दुःख दोन खात्यांत वाटून दोन्हीकडे शून्य आणण्याची ही करामत आमच्या समितीची खास नव्हे. अमेरिकेत जनरल मोटर्स या मोटार कंपनीविरुद्ध पाच कृष्णवर्णीय स्त्रियांनी दावा लावला होता. १९६४ पूर्वी कंपनीने कृष्णवर्णीय स्त्रियांना कामावर घेतलेलेच नव्हते. मंदीत जेव्हा शेवटी आलेल्यांना प्रथम कमी केले, तेव्हा १९७० नंतर लागलेल्या या स्त्रिया सगळ्याच घरी बसल्या. १९७६ साली न्यायालयाने सांगितले की वर्णभेदाचा दावा करा किंवा लिंगभेदाचा करा, दोहोंची जोड करून नवा दावा करता येणार नाही. कंपनी स्त्रिया घेत होती, त्या कचेरीतील गोऱ्या स्त्रिया. कंपनी कृष्णवर्णीय घेत होती, ते कारखान्यातील पुरुष. दोन्ही खाती व्यवस्थित, आणि या पाचजणी कोठेच नाहीत. किंबर्ले क्रेनशॉ या कायदेपंडित बाईंनी १९८९ साली या व अशा खटल्यांवर निबंध लिहिला आणि 'इंटरसेक्शनॅलिटी' हा शब्द रूढ केला. चौकात उभ्या माणसाला चारही बाजूंनी येणाऱ्या वाहनांचा धक्का बसू शकतो. नेमक्या कोणत्या गाडीने अपघात झाला हे सिद्ध होईपर्यंत त्याला मदतच द्यावयाची नाही, असे व्हावे काय, हा त्यांचा दृष्टांत.

आपल्या सर्वोच्च न्यायालयातही हा शब्द पोहोचला आहे. आंध्र प्रदेशातील एका जन्मांध, अनुसूचित जातीच्या तरुणीवरील बलात्काराच्या खटल्यात, पाटण जमाल वली या नावाने ओळखल्या जाणाऱ्या २७ एप्रिल २०२१ च्या निर्णयात, न्यायालयाने या विचाराची सविस्तर चर्चा केली. लिंग, जात आणि अंधत्व यांची अशा स्त्रीच्या आयुष्यात फारकत करता येत नाही, असे स्पष्ट म्हटले. आरोपीची बलात्काराची शिक्षा कायम राहिली. परंतु अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील शिक्षा मात्र रद्द झाली, कारण गुन्हा जातीच्या कारणावरून घडला असा वेगळा पुरावा आलेला नव्हता आणि घटनेच्या वेळी कायद्याची भाषा तसा पुरावा मागत होती. ती भाषा २०१६ पासून बदलली आहे. तरी हा निकाल वाचताना मला आमची पुस्तिका आठवली. विवेचनात अखंड असलेली स्त्री आदेशात पुन्हा विभागली गेली.

शब्द नवा आहे, म्हणून तो टाळावा असे मी म्हणणार नाही. परंतु त्याचा आपल्याकडील वापर मला खटकतो. आपल्या परिसंवादांतील निबंधांत 'दुहेरी शोषण', 'तिहेरी शोषण' असे शब्द येतात आणि ख्रिस्ती दलित स्त्रीची पाळी आली की कोणी उत्साहाने 'चौपदरी' म्हणतो. जणू एकावर एक लुगडी नेसविली आहेत! या बेरजेत दोन दोष आहेत. एक, बेरीज केली की प्रत्येक रक्कम पुन्हा सुटी काढता येते. बाळंतिणीची थंडी तशी सुटी निघत नाही हे आपण पाहिले. दुसरा अधिक गंभीर. बेरजेत सर्वांत मोठी संख्या ज्याची तो पूर्ण निर्दोष ठरतो. मुक्ताबाई हे होऊ देत नाहीत. ब्राह्मणांवरील एवढ्या आरोपांच्या ऐन मध्यावर त्या महारांकडे वळतात आणि सांगतात की अस्पृश्य असूनही हे मांगाची सावली टाळतात. निबंधातील हा सर्वांत अवघड भाग. सभांतून तो फार थोडे वाचतात, आणि आमच्या पुस्तिकेतूनही जागेअभावी तो वगळावा असे एकाने सुचविले होते. ती सूचना, सुदैवाने, मान्य झाली नाही. आपल्या मंडळ्यांतील सोयरिकी कोणत्या वाड्यावरून कोणत्या वाड्यापर्यंत जातात आणि कोठे थांबतात, हे प्रत्येक पाळकाला ठाऊक आहे.

व्यासपीठावरील आपल्या भाषेकडे आता वळतो. मातृदिनी नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्याय आपण दरवर्षी वाचतो. त्यातील सद्गुणी स्त्री पहाटे उठून घरच्यांना अन्न व दासींना त्यांचा वाटा देते. त्या घरी दासी आहेत. त्या दासींवर प्रवचन केलेले माझ्या ऐकण्यात नाही. मीही केलेले नाही. शास्त्रातील दासीचे चरित्र वाचावयाचे तर उत्पत्तीच्या सोळाव्या व एकविसाव्या अध्यायांत हागार आहे. मिसरी, दासी आणि स्त्री. तिची धनीण साराय हीही सुखी नव्हे. बाराव्या अध्यायात नवऱ्याने स्वतःचा जीव वाचविण्यासाठी तिला बहीण म्हणवून फारोच्या वाड्यात जाऊ दिले आहे, आणि वांझपणाचा डाग तिला आहेच. तरी हागारचे पोट ती आपल्या संततीसाठी वापरते आणि मग तिला जाचते. साराय पीडित आहे आणि पीडा देणारीही आहे. यातील एक वाक्य घेऊन दुसरे सोडणे सोपे, आणि आपण बहुधा तेच करतो.

डेलोरेस विल्यम्स या कृष्णवर्णीय अमेरिकन ईश्वरविज्ञान लेखिकेने १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या 'सिस्टर्स इन द विल्डरनेस' या ग्रंथात हागारकडे आपले मूळचे चरित्र म्हणून पाहिले. त्यांचा मुद्दा मुक्ततेच्या ईश्वरविज्ञानाला अडचणीचा आहे. निर्गमातील देव दासांना सोडवितो. पण रानात पहिल्यांदा भेटलेला देव हागारला परत धनिणीकडे जावयास सांगतो. तिला सुटका मिळत नाही, जगणे मिळते, आणि पुढे पाण्याची विहीर मिळते. निर्गमावर उभे राहिलेल्या कृष्णवर्णीय पुरुषांच्या ईश्वरविज्ञानाने तिला पाहिलेच नाही, असे विल्यम्स म्हणतात. आपल्याकडे अरविंद निर्मल यांनी १९८१ साली बंगलोरला दिलेल्या व्याख्यानापासून दलित ईश्वरविज्ञानाची वाट पाडली. त्यांनी अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायातील भटक्या अरामी पूर्वजाच्या कबुलीवर तिचा पाया घातला. त्या कबुलीचा आरंभ बापापासून होतो. त्यांच्या कार्याविषयी मला पूर्ण आदर आहे. परंतु त्या कबुलीत आई कोठे, हा प्रश्न वर्गात विद्यार्थिनींनी विचारला तेव्हा मजपाशी चांगले उत्तर नव्हते.

विल्यम्स यांचे पुस्तक वाचल्यावर मुक्ताबाईंच्या निबंधातील एका भागाकडे मी निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. तो भाग म्हणजे इंग्रज सरकारचे आभार. आजचा वाचक तेथे संकोचतो. कोणी म्हणतो, ते मिशनच्या पत्रासाठी लिहिले असावे. कोणी तो भाग गाळतो. पण मुक्ताबाई आभार कशाचे मानतात ते पाहावे. बाजारात जाता येते. पैसा असेल तर चांगले वस्त्र नेसता येते. गरोदर बायांचा छळ थांबला. वाड्याच्या पायात माणूस पुरला जात नाही. यात राज्याची स्तुती म्हणण्यापेक्षा जिवंत राहिल्याची यादी आहे. हागारने विहिरीजवळ देवाला नाव दिले, ते त्याने आपणास पाहिले एवढ्यासाठी. कोणाचे राज्य चांगले हा प्रश्न ज्यांना छप्पर होते त्यांना सुचला.

निबंधाच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. 'आमच्या स्त्रिया' असे म्हणताना लेखिका स्वतः त्यांत असूनही किंचित दूर उभ्या आहेत. त्या स्त्रिया निबंधात आई म्हणून येतात. बायको म्हणून, सून म्हणून त्या येत नाहीत. झोपडीच्या आत त्यांना कोण मारतो याविषयी निबंध गप्प आहे. ज्या वाचकांपुढे हे गद्य जावयाचे होते त्यांच्यासमोर आपल्या घरातील दोष उघडे करणे मुक्ताबाईंना शक्य नव्हते, हे समजण्यासारखे आहे. तरी गप्प राहणे ते गप्प राहणेच. ही जागा भरून निघण्यास फार वर्षे लागली. बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमचं' १९८६ साली पुस्तकरूपाने आले. त्यात महारवाड्यातील उपाशी बाळंतीण आहे आणि तिच्याच घरातील सासूचा जाचही आहे. पळून जाणाऱ्या सुनेच्या पायात घातलेला लाकडी खोडा आहे. बाहेरचा जुलूम सांगताना घरातला झाकावयाचा नाही, आणि घरातला सांगितला म्हणून बाहेरच्यांची सुटका करावयाची नाही, हे त्या पुस्तकाने करून दाखविले. मुक्ताबाईंची बाळंतीण तेथे एकशे एकतीस वर्षांनी पुन्हा भेटते. छप्पर आलेले आहे. पोटात अन्न नाही.

आपल्या मंडळीतील बाळंतिणीचे काय? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीची सवलत हिंदूंपुरती ठेवण्यात आली. १९५६ साली शिखांना व १९९० साली बौद्धांना ती मिळाली. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. २०२२ साली केंद्र शासनाने या प्रश्नासाठी न्यायमूर्ती बालकृष्णन आयोग नेमला. राखीव जागांविषयी आपण पुष्कळ सभा घेतल्या, आणि त्या सभांतील वक्ते बहुतेक पुरुष असतात. अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षणही त्याच दाखल्यावर अवलंबून आहे, हे मात्र सभांत क्वचित बोलले जाते. वस्तीवरील ख्रिस्ती बाईच्या अंगावर कोणी हात टाकला तर गावाला तिची जात ठाऊक असते, हात टाकणाराला ठाऊक असते. फौजदारी कागदात ती फक्त स्त्री असते. आणि मंडळीच्या नोंदवहीत ती फक्त ख्रिस्ती असते, कारण ख्रिस्तात जात नाही असे आपण शिकवितो.

यंदाच्या पुस्तिकेत निबंध संपूर्ण घ्यावा असे ठरले आहे. महार आणि मांग यांच्याविषयीचा भागही राहील. बाळंतिणीच्या ओळींखाली सुईणीची हकीकत टीप म्हणून द्यावी, अशी विनंती मी त्या बायबल बाईंना केली. त्यांनी ती स्वतः लिहून देण्याचे कबूल केले आहे. 'टीप' या शब्दाला मात्र त्यांची हरकत आहे. कोणत्या रविवारी वाचावा हे समितीने अद्याप ठरविलेले नाही.